खाजनाच्या बांधाला खांड पडली, विहिरीचं पाणी मचूळ झालं. तुमच्या गावात मानस (बांधातली पाण्याची दारं) कोण सांभाळतं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आमचा गाव माशेलच्या बाजूला, कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी. घरामागे खाजन, म्हणजे खाडीला बांध घालून केलेली भातशेती, त्याच्यापलीकडे बांध आणि बांधापलीकडे कांदळाची झाडं, लहानपणापासून हेच बघत आलोय आणि खरं सांगायचं तर कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. गेल्या चतुर्थीच्या आधीच्या अमावास्येला उधाणाचं पाणी चढलं आणि बांधाला खांड पडली. तेव्हा दहा हात असेल फारतर, पोरं उडी मारून पलीकडे जात होती. तीन आठवडे कोणी हात लावला नाही, आता त्यातून होडी जाते.

भात पोटरीला आलं होतं ते गेलंच. पण मला जे लागलं ते वेगळं. या एप्रिलमधे आईने चहा ठेवला आणि दूध घातल्याबरोबर फाटलं. तिला वाटलं दूध खराब, दुसरी पिशवी फोडली, तीही फाटली. मग पाणी चाखून बघितलं तर मचूळ. आमची विहीर बांधापासून बरीच आत आहे, आजोबांच्या वेळची, मे महिन्यातसुद्धा कधी आटली नाही आणि चव कधी बदलली नाही.

पंचायतीत गेलो तर म्हणाले हे शेतकी खात्याचं काम. तिकडे विचारलं तर कुळांच्या असोसिएशनने अर्ज करायला पाहिजे. असोसिएशनची मीटिंग शेवटची कधी झाली कोणाला आठवत नाही, निम्मे मेंबर वारलेत, त्यांची मुलं कोण गल्फमधे कोण बोटीवर. कोमुनिदाद म्हणजे गावच्या सामायिक जमिनीची जुनी संस्था, ते म्हणतात जमीन कुळांची झाली तर बांधही कुळांचाच. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि पाणी रोज दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं.

म्हणून विचारतो, तुमच्या गावात मानस कोण बघतं? पैसे कुठून येतात? आणि सरळ काँक्रीटची भिंत घालून हा प्रश्न एकदाचा मिटवता येणार नाही का?

---

म्हापसेकर७

आधी पाणी तपासून घे भाऊ. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, त्याचा मीटर कोणाकडेही मिळेल, ५०० च्या आत असेल तर चांगलं, दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, त्यावर पिऊ नये. सकाळी पंप लावायच्या आधी एकदा आणि भरपूर उपसल्यावर एकदा असं दोनदा घे. उपसल्यावर आकडा चढत असेल तर खारं पाणी खालून ओढलं जातंय. शेजारी कोणी नवीन बोअर मारलीय का तेही बघ.

---

निवृत्त_ओव्हरसियर

खाडीकाठ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझं निम्मं आयुष्य तिसवाडी आणि फोंड्याच्या बांधांवर गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

आधी काँक्रीटचं. ती चूक करू नका. खाजनाच्या खाली जो चिखल आहे तो लोण्यासारखा, त्यावर जड भिंत ठेवली की ती एका बाजूने खचते आणि तडकते, आणि तडकलेल्या भिंतीखालून पाणी पोखरत जातं ते वरून दिसत नाही. मातीचा बांध दबतो पण तडकत नाही, दबला की वर चिखल चढवायचा. जुने लोक खाडीतलाच चिकण चिखल काढून, त्यात पेंढा मिसळून थर द्यायचे, आणि जिथे लाट आपटते तिथे बाहेरून चिरे लावायचे. कांदळ तोडू देऊ नका कोणाला, ती झाडं लाट मोडतात, ती गेली की बांधाचं आयुष्य अर्धं.

आता मानस. खरी अक्कल तिथे आहे. लाकडी दारं वर बिजागरीसारखी टांगलेली असतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दाराला ढकलून बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही, माणूससुद्धा रोज लागत नाही. आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास, तेवढ्यावर हे सगळं चालतं. मानशीच्या आत खोल पोंय, म्हणजे पाणी साठायची खोलगट जागा, असते, पाऊस जोराचा आणि भरती एकाच वेळी आली तर पाणी शेतात न चढता तिथे थांबतं. सहाव्या शतकातल्या बांदोड्याच्या ताम्रपटात खाजनाचा उल्लेख आहे, म्हणजे पोर्तुगीज यायच्या किमान ९०० वर्षं आधी आपले लोक हे करत होते.

पैशाचं विचारलंत. भात कापलं की मानस उघडून खारं पाणी आत घ्यायचे, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे), मासे आत यायचे, आणि मानशीवर जाळं लावायच्या हक्काचा लिलाव व्हायचा. त्या लिलावाच्या पैशातून पुढच्या वर्षीची डागडुजी. भात आणि मासळी एकाच जमिनीतून आणि बांधाचा खर्च मासळीतून. मग बिघडलं कुठे? लिलाव घेणारा आणि शेत कसणारा ही दोन वेगळी माणसं झाली तेव्हा. सुंगटांना भाव आला तसा लिलावाचा आकडा वाढला, घेणाऱ्याला जास्त पाणी आत हवं, म्हणून मानशीची दारं बारा महिने उघडी ठेवायची, रात्री दिवा लावून जाळं, पाण्याचा ओढा एवढा वाढतो की बांधाचा पाय उकरला जातो. तुमच्याकडे लिलाव कोणाकडे आहे आणि दारं आहेत का नुसतं भोक उरलंय, हे आधी जाऊन बघा. माझा अंदाज आहे की खांड अमावास्येला पडली असली तरी तिची सुरुवात मानशीत झाली असणार.

दुसरं कारण कुर्ल्यांची बिळं. पूर्वी गावाचा एक माणूस ठरलेला असायचा, भरती उतरली की बांधावरून फिरायचा, बीळ दिसलं की टाचेने चिखल दाबायचा. एका ओंजळीचं काम. ते आठ दिवस राहिलं तर घमेल्याचं होतं, महिना राहिलं तर जेसीबीचं.

गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामायिक कारभाराच्या, काळात हे सगळं एका हातात होतं. जमीन, मानस, लिलाव, बांध, तळं, देवळाचा खर्च, सगळं गावकीचं. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळं मालक झाली, ते व्हायलाच हवं होतं, पण जमीन वाटली गेली तसा बांध वाटता येत नाही. बांध एक असतो. तिथे गाठ सुटली.

---

शेणवी_माती

काका, तुम्ही तांत्रिक जे लिहिलंत ते सगळं पटलं आणि नवीनही कळलं. पण गावकरीच्या काळात सगळं एका हातात होतं हे वाचून गप्प बसवेना. तो हात कोणाचा होता?

माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून बांधावर चिखल वाहायची. ओहोटीच्या वेळेवर काम, म्हणजे कधी पहाटे तीनला सुद्धा, कमरेएवढ्या चिखलात उभी बायकांची रांग आणि डोक्यावरून डोक्यावर चिखलाचा गोळा पुढे जायचा. खाऱ्या पाण्याने तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या त्या कायमच्या, चिंचेच्या पानांचा शेक घ्यायची. मजुरी भातात. गावकरांना वर्षाचा जोण, म्हणजे गावकीच्या उत्पन्नातला वाटा, मिळायचा, तोही फक्त पुरुषांना आणि वंशाने. बांध ज्यांनी उचलला त्यांचं नाव कुठल्या वहीत नाही. आम्ही मुंडकार, घर दुसऱ्याच्या जमिनीत, मीटिंगला बसायचं तर सोडाच, दारात उभं राहूनही कोणी बोलू दिलं नसतं.

मी हे भांडायला लिहीत नाही. खाजन टिकायला हवं, माझ्या आईचा घाम आहे त्यात. पण आता लोक बांधावर का येत नाहीत असं विचारतो ना आपण, त्याचं एक उत्तर हे आहे. ज्यांना तो चिखल कसा लावायचा हे हातांना माहीत होतं त्यांनी आपल्या मुलींना शिकवून दूर पाठवलं, मुद्दाम पाठवलं. मी त्यातलीच एक. परत बोलवायचं असेल तर हक्काने बोलवा, शेत नसलेल्यालाही. विहीर तर सगळ्यांचीच खारी होते ना, ती विचारते का तू गावकर का मुंडकार?

---

निवृत्त_ओव्हरसियर

ताई, बरोबर आहे तुमचं. मी वहीतली बाजू लिहिली, तुम्ही बांधावरची. आमच्या मस्टरवरसुद्धा बायकांचा रोज कमी असायचा, मी सही करायचो, तेव्हा खटकलं नाही हे आज खटकतं. असोसिएशनमधे फक्त कुळं का, खाजनाच्या पाण्यावर ज्यांच्या विहिरी आहेत ती सगळी घरं का नकोत, हा प्रश्न मी कोणाला विचारलेला ऐकला नाही आजवर.

---

वाळपयचो

आमच्याकडे खाजन नाही, खारं पाणी नाही, पण गोष्ट तीच आहे म्हणून लिहितो. सत्तरीत आमचं कुळागर आहे, माडी (सुपारीची झाडं), नारळ, केळी, मिरी. वरून व्हाळ (ओढा) येतो, त्याला दिवाळीनंतर दगड, माती, पालापाचोळ्याचा बांध घालायचा आणि पाटाने पाणी खाली आणायचं. पाटावर अकरा घरं, पाळी ठरलेली. आमची पाळी मंगळवारी दुपारनंतर आणि शुक्रवारी रात्री. माझे वडील रात्री टॉर्च घेऊन जायचे, पाटाच्या तोंडातला चिखल पायाने सरकवायचे आणि मग पाणी एकेका आळ्यात भरताना जो आवाज येतो ना, भरलेलं आळं आणि रिकामं आळं अंधारात नुसत्या आवाजावरून कळतं. त्यांना कळायचं, मला अजून नीट कळत नाही.

आता खात्याने खाली फळ्यांचा बंधारा बांधून दिलाय, वसंत बंधारा म्हणतात तसा. चांगला आहे. पावसाळा संपला की फळ्या घालायच्या, पाऊस यायच्या आधी काढायच्या. पण दोन वर्षांपूर्वी फळ्या घालायला उशीर झाला, डिसेंबर उलटला, व्हाळ वाहून गेला आणि मार्चमधे सुपारी गळायला लागली. कोणाचं काम होतं? सगळ्यांना वाटलं खात्याचं माणूस येईल. आमच्या जुन्या दगडमातीच्या बांधाला कधी उशीर झाला नाही कारण तो आम्हीच घालायचो. आता आम्ही अकरा घरांनी ठरवलंय, फळ्या एका घराच्या गोठ्यात ठेवायच्या, खात्याला कळवायचं आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आपणच घालायच्या. हे चाललंय दोन वर्षं.

आणि वरच्या मंडळींना एक सांगतो, तुमचं खाजन आणि आमची म्हादई नदी वेगळी नाही. इथे ती म्हादई, खाली गेली की मांडवी. २०१८ मधे म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने निवाडा दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. आकड्यांवर भांडण चालू आहे आणि चालू राहणार, ते इथे नको. पण लोक म्हणतात गोव्यात एवढा पाऊस पडतो, ३००० मिलीमीटर, थोडं पाणी गेलं तर काय. अरे पाऊस चार महिने पडतो. मांडवीत भरती पार गांजेपर्यंत चढते, पन्नासेक किलोमीटर आत. तिला खाली ढकलून ठेवणारं पाणी उन्हाळ्यात वरूनच येतं, आमच्या व्हाळांतून, झरींतून. ते कमी झालं की खारं पाणी तेवढं वर सरकणार, आणि मग खाडीकाठच्या विहिरी एकेक करून जाणार. आम्ही व्हाळ अडवताना म्हणूनच सगळा अडवत नाही, बांधावरून थोडं पाणी खाली जायलाच पाहिजे असा नियम होता, खालच्या गावाची म्हस पाणी पिते म्हणायचे.

---

डिचोली_डोंगर

वाळपयचो, झरींचं काढलंत म्हणून. आमच्या वाड्यावरची झर मी पाचवीत असताना बंद झाली. डोंगराच्या पलीकडे खाण होती, खंदक खोल खोल गेला, पाण्याच्या पातळीच्या खाली गेला की दिवसरात्र पंप लावून पाणी उपसून ओढ्यात सोडायचे. डोंगर म्हणजे आमची टाकी होती हो, जांभा पाऊस पितो आणि वर्षभर थेंब थेंब देतो. टाकीलाच भोक पाडलं. मग झर गेली, मग विहिरी गेल्या, मग टँकर आला, आणि टँकर आला याचा आनंद झाला होता आम्हाला, हे आठवलं की आता कसंतरी होतं. वडील त्याच खाणीवर ट्रक चालवायचे. त्याच पैशात मी शिकले, त्यामुळे मी कोणाला शिव्या देऊ शकत नाही.

२०१२ मधे सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या तेव्हा घरात पगार बंद झाला. आणि तीन-चार वर्षांनी आमच्या विहिरीत फेब्रुवारीनंतरही पाणी राहायला लागलं. हे दोन्ही एकाच घरात घडलं. झर मात्र आली नाही परत. पावसाळ्यात मी अजून जाऊन बघते, दगडाखाली ओल असते, बस.

---

कुर्डीची_नात

मीही लिहू का, जरा विषय सोडून होईल. आम्ही मूळ कुर्डीचे, मोगूबाई कुर्डीकरांचं जे कुर्डी ते. ऐंशीच्या दशकात साळावली धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेला. दक्षिण गोव्याच्या नळाला जे पाणी येतं ते आमच्या शेतावरून येतं असं आजी म्हणायची, रागाने नाही, नुसतं सांगायची. मे महिन्यात पाणी खाली गेलं की घरांचे चौथरे वर येतात, आम्ही जातो सगळे, देवाचं करतो, जेवतो आणि परत येतो. आजी तिचं तुळशीवृंदावन शोधायची. चिखलात बसून हाताने पुसायची त्याला.

हे इथे का लिहिलं तर लोक म्हणतात आता नळ आहे, विहिरी आणि तळी आणि बांध हवेत कशाला. २०१९ च्या ऑगस्टमधे ओपाच्या पाणीप्रकल्पाची मोठी पाइपलाइन फुटली, भर पावसात पणजी आणि तिसवाडी कितीतरी दिवस कोरडी होती, बाहेर धो धो आणि नळाला थेंब नाही. ज्यांच्या विहिरी बुजवलेल्या नव्हत्या त्यांच्या अंगणात रांगा लागल्या. नळाचं पाणी कोणाच्या तरी गावावरून येतं. आपलं असलेलं सांभाळलं नाही तर उद्या आणखी एक गाव मागणार कोणीतरी. ते मला बघवणार नाही.

---

म्हापसेकर७

हे शेवटचं वाचून काय लिहावं सुचत नाही. आमच्या सोसायटीत जुनी विहीर आहे, तोंडावर स्लॅब घालून वर पार्किंग केलंय. उद्या कमिटीत विषय काढतो.

---

खाडीकाठ

सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. आठ दिवस लिहिलं नाही कारण धावपळ चालू होती.

टीडीएस सकाळी ८४०, दोन तास पंप चालवल्यावर ११८०. म्हणजे म्हापसेकर म्हणाले तेच. पंप बंद केला, आता आई जुन्या राजूने, म्हणजे दोराने, ओढते आहे, आणि पिण्यासाठी वरच्या वाड्यावरून आणतो.

ओव्हरसियर काका, तुमचा अंदाज खरा निघाला. ओहोटीला चुलत्याबरोबर मानशीवर गेलो, मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आत उतरलो. चार गाळे आहेत, दोनच दारं शिल्लक, त्यातलं एक काथ्याने वर बांधून ठेवलेलं. दगडी खांबांना दारं अडकवायच्या खोबणी आहेत, एवढ्या गुळगुळीत झाल्यात की हात फिरवत राहावं वाटतं. चुलता म्हणाला त्याच्या आजोबांनी दार घडवलेलं त्याने बघितलंय. लिलाव ज्याच्याकडे आहे तो बाहेरगावचा, त्याने पोट-लिलाव केलाय तिसऱ्याला. तो तिसरा मात्र भेटला, वाईट माणूस नाही, म्हणाला मला कोणी सांगितलंच नाही दार सोडायचं ते. काथ्या त्यानेच सोडला आमच्यासमोर. अर्ध्या तासात पाणी चढलं आणि दार खरोखर आपोआप बंद झालं, हळूच, धप्प आवाज करून. मी व्हिडिओ काढायचा विसरलो.

शेणवी माती ताई, तुमची पोस्ट मी गावातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकली. त्यावर दोन दिवस भांडण झालं, तिघे ग्रुप सोडून गेले. पण रविवारच्या मीटिंगला आम्ही फक्त जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव असलेल्यांना नाही तर विहिरी असलेल्या सगळ्या घरांना बोलावलं. एकेचाळीस माणसं आली, निम्म्याहून जास्त बायका, आणि चिखलात पेंढा किती घालायचा यावर फक्त दोन जणी बोलू शकल्या. बाकी आम्ही ऐकत होतो. त्या दोघींना रोज देऊन शिकवायला बोलवायचं ठरलं, फुकट नाही. सरकारी अर्ज वेगळा चालूच आहे, खांड मोठी आहे, ती आमच्याने सगळी होणार नाही, पण तोवर आतल्या बाजूने लहान बांध घालून विहिरींकडचा भाग वेगळा करतोय.

एकच अडलंय. काम कोणत्या दिवशी धरावं? अमावास्या जवळ आलीय आणि पोरं म्हणतात रविवारीच जमेल.

---

निवृत्त_ओव्हरसियर

रविवार बघू नका, पाणी बघा. अमावास्येला उधाण, ओला चिखल एका रात्रीत वाहून जाईल. ती जाऊ दे. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, भरती लहान, तेव्हा दोन ओहोट्या साधून काम करा म्हणजे पुढच्या पौर्णिमेपर्यंत बांधाला बसायला आठवडा मिळतो. पेंढा आदल्या दिवशी भिजवून ठेवा. मला पत्ता मेसेज करा, गुडघे गेलेत, चिखलात उतरवणार नाही, पण बांधावर खुर्ची टाकून बसेन.

---

शेणवी_माती

मी आईला विचारलं. ती म्हणते पेंढा भिजवायचा खाऱ्या पाण्यात, गोड्या नको, आणि पहिला थर पायाने तुडवायचा, फावड्याने थापायचा नाही. अष्टमीला मी तिला घेऊन येते.